साक्षीदार म्हणून माझी सही

लंडनमधल्या इल्फर्डला राहायला गेलो त्या वर्षी निवडणूक होती आणि ऑफिसच्या धावपळीत जमणार नाही म्हणून मी दोघांच्याही पोस्टल मतपत्रिका मागवल्या; घरीच फुली मारून पोस्टाने पाठवायच्या. भारतातून व्हिसावर आलेल्यांनाही इथे मत देता येतं, याचंच मला कोण अप्रूप.

बायकोचं ठरलं होतं. प्रचाराला दारावर आलेल्या एका उमेदवार बाईंशी ती शाळेसमोर झेब्रा क्रॉसिंग हवं म्हणून बराच वेळ बोलली होती आणि मत त्यांनाच देणार म्हणत होती. मी म्हटलं, घरातली दोन मतं दोन बाजूंना गेली तर दोन्ही फुकट. आमच्याकडे मतदानाला निघताना वडील चपला घालता घालता सगळ्यांना चिन्ह सांगायचे, आणि त्यावर कधी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. दोन्ही मतपत्रिकांवर, मला हव्या त्या उमेदवारापुढे, फुल्या मीच मारल्या. तिने कणकेचे हात पुसून फॉर्मवर सही तेवढी केली. खाली तेव्हा साक्षीदाराची सही लागायची. तीही मीच ठोकली आणि पाकिटं पोस्टात टाकून आलो.

त्याच आठवड्यात मुलीच्या वर्गात वादविवाद होता. विषय, शंभर वर्षांपूर्वीचा: बायकांना मताचा हक्क द्यावा की नाही. तिच्या वाट्याला 'देऊ नये' ही बाजू आली होती आणि काही सुचेना म्हणून ती रडकुंडीला आली होती. त्यात काय अवघड आहे, म्हणत मी मुद्दे देत सुटलो. घराच्या वतीने नवरा मत देतोच की. दोघांची मतं वेगळी पडली तर घरात भांडणं. बायकांना आधीच कामं काय कमी असतात, त्यात हा ताप कशाला. मला चांगलंच स्फुरण चढलं होतं. ती भराभर लिहून घेत होती.

बायको ओट्यापाशी पोळ्या लाटत होती. न वळताच मुलीला म्हणाली, "अजून एक लिही. सही बायकोची घ्यायची, फुली नवऱ्याने मारायची."

मुलीने खरंच लिहिलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "बाबा, त्या टाइमला लोक असं पण करायचे?"

मी हो म्हणालो. दहा वर्षांच्या पोरीशी, तिच्या आईदेखत, धडधडीत खोटं बोललो.

दुसऱ्या दिवशी ती उड्या मारत घरी आली. तिची बाजू जिंकली होती. टीचरने दिलेला सोनेरी स्टिकर तिने स्वतःच्या कार्डिगनवरून काढून माझ्या शर्टावर चिकटवला. मुद्दे तुझेच होते ना, म्हणाली.

बायकोने तो स्टिकर पाहिला. "आता तिला खरं सांग," एवढंच म्हणाली.

मग मी मुलीला समोर बसवून सगळं सांगितलं. शेवटी तिने विचारलं, "मग आईचा वोट आता परत आणता येईल?"

पाकीट पोस्टात पडून चार दिवस झाले होते.