मोहाखालची थाळी

मोहफुलं पडायच्या दिवसांत मी कधी शाळेत गेले नाही. पहाटे टोपली घेऊन आईमागे जंगलात जायचं आणि ऊन चढलं की घरी येऊन झोपायचं. मास्तर शोधायला आले की मी धान भरायच्या ढोलीमागे लपायची. "शिकून का कलेक्टर होतो मी?" असं वरून आईला ऐकवायची. अशाने चौथीत दोनदा बसले आणि दुसऱ्या खेपेला वर्गात सगळ्यांत उंच आपणच, म्हणून छाती काढून फिरले. असली हुशार!

म्हणून मी आजी झाल्यावर शाळेच्या मॅडम पहिल्यांदा आमच्या अंगणात आल्या तेव्हा मला हसू आलं. वाटलं, आता लपायला ढोली शोधावी.

आमचं गाव जंगलाला लागून आहे. धान निघालं की हाताला काम नसतं. तरणी माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि लेकरंही सोबत नेतात, त्यामुळे शाळा ओस पडायची. नाल्याला पूर आला तर स्कूटी पलीकडे ठेवून, साडी खोचून पाण्यातून येणारी ही बाई घरोघर फिरली. "मुलांना आजीजवळ ठेवून जा," एवढंच म्हणायची. लोकांनी ऐकलं. माझ्या लेकानंही नातीला माझ्याजवळ ठेवलं. कोणी शाळेला कुंपण घालून दिलं, कोणी खिचडीत टाकायला वांगी नेऊन दिली.

पण मोह पडायला लागला आणि पोरं पुन्हा गायब झाली. उन्हाळ्यात शाळा सकाळची, आणि मोहही सकाळीच वेचावा लागतो. उशीर केला तर गुरं खाऊन टाकतात. तेव्हा मॅडम पुन्हा अंगणात आल्या. त्या काही बोलायच्या आत माझी थोरली जाऊ म्हणाली, "पोरं येतीन शाळेत. मोहा आमी म्हाताऱ्या वेचतो."

"आजी, जंगलात वाघ आहे."

"असू दे ना. तो का मोहा वेचून राह्यला?"

आम्ही सगळ्या हसलो. मॅडम हसल्या नाहीत.

वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं, असं फॉरेस्टचे लोक सांगतात. म्हणून आम्ही पाळी लावली. बाकीच्यांनी वेचायचं, एकीनं मधोमध उभं राहून थाळी वाजवायची. तरी एक खोट होतीच. मोहाची झाडं वाटलेली असतात. आपल्या झाडाखाली दुसरं कोणी टोपली टेकवत नाही. जाऊचं झाड सगळ्यांत आत होतं, नाल्याकडे. तिथं थाळी जेमतेम ऐकू यायची.

त्या मोसमात शाळेत एकही जागा रिकामी राहिली नाही. एका सुट्टीच्या दिवशी नात आमच्यासोबत आली, वाटेवरच्या पाटीपाशी थांबली आणि बोट ठेवून वाचू लागली, "सावधान. या भागात वाघाचा वावर आहे." आम्ही रोज त्या पाटीला टेकून विडा लावायचो!

जाऊ म्हणाली, "खाली लिव म्हणा, म्हाताऱ्यायचा बी हाय."

पोरं गावात राखली म्हणून मॅडमचा गडचिरोलीला सत्कार ठरला. त्या आम्हालाही न्यायला निघाल्या. "हे माझ्या एकटीचं नाही," म्हणाल्या. मी नवं लुगडं काढलं. जाऊ मात्र तयार होईना.

"आज फूल लय पडन. तू जा, माह्या वाटच्या टाळ्या वाजव."

"एकटी नको जाऊ वो, बाई."

"माह्या झाडाखाली मले का वाट सापडत नाई?"

आम्ही जीपमध्ये बसलो. थाळी वाजवणाऱ्या सगळ्या जीपमध्येच होत्या, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मॅडम स्टेजवर गेल्या, पर्स माझ्या मांडीवर. पर्समधला फोन वाजायला लागला. मी कसाबसा उचलला. गावचे पोलीस पाटील होते. "काकू, तुमची जाऊ सापडली. जित्ती हाय. वाघानं पाठीत पंजा मारला. गाडी तिकडच्याच दवाखान्यात येऊन राह्यली."

समोर मॅडमच्या खांद्यावर शाल पडत होती. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी फोन कानाला धरून बसले होते. मॅडमनी स्टेजवरून माझ्याकडे पाहिलं आणि भाषण न करताच खाली उतरल्या.

दवाखान्याच्या दारात आम्ही गाडीच्या आधी पोचलो. जाऊला उतरवलं तेव्हा ती थरथरत होती. मॅडमनी अंगावरची शाल काढून तिच्यावर घातली. जाऊनं डोळे उघडले. "टोपली कुठी हाय?" म्हणाली. मला रडू आलं आणि रागही आला.

त्याच दिवशी लेकाचा फोन. "आई, पोरीले घेऊन जातो मी. नाई पाहिजे ते शाळा." घरोघर असेच फोन आले. मॅडम गावात आल्या, शाळेसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "न्या मुलांना. मी आता थांबा म्हणणार नाही." शाळेला हातभार लावणारं गाव मान खाली घालून घरी गेलं.

यंदा मिरची तोडायला नेणारी जीप आली. जाऊचा उजवा हात आता वर जात नाही. ती डाव्या हातात काठी घेऊन जीपसमोर उभी राहिली.

"पोरं उतरवा. यंदा झाड कोणाचंच नाई. एकाच झाडाखाली साऱ्या वेचू, मग दुसऱ्या झाडाखाली जाऊ, आन् घरी येऊन वाटून घेऊ. मले वेचता येत नाई, मी थाळी वाजवतो."

काही पोरं उतरली. काही जीपमध्येच राहिली. माझा लेक माझ्याकडे पाहत होता. नात आपणच पिशवी घेऊन उतरली.

मोह आता पडतोय. सत्काराची शाल जाऊनं मॅडमना परत नेऊन दिली, तर मॅडमनी ती घेतली नाही. रक्ताचा डाग निघाला नाही. जाऊ तिच्यावर मोह वाळवते.

नात सांगते, वर्गात थाळी ऐकू येते. ती वाजते तोवर मॅडम शिकवतात. जाऊचा हात दुखतो, मधेच ती थाळी थांबवून काठी खाली ठेवते. तेव्हा मॅडमचा खडू फळ्यावर थांबतो आणि सगळा वर्ग दाराकडे पाहतो.