गिलाव्यातली भेग
तांबड्या कोब्याच्या जमिनीवर खोबरेल तेलाचा हात फिरला, की त्या वासाबरोबर मला ती सकाळ आठवते, ज्या सकाळी मी बसवनगुडीतले एका कानडी गृहस्थांचे जुने घर विकत घेण्यासाठी पाहायला गेलो होतो. मंगळुरी कौले, लाकडी गजांच्या खिडक्या, मागे कढीपत्त्याचे झाड. घर पाहताक्षणी मनात भरले, आणि म्हणूनच मी त्यात खोड शोधू लागलो. मधल्या खोलीच्या भिंतीवर केसाएवढी भेग दिसली. ती निव्वळ गिलाव्याची होती, हे बांधकामात उमेदीची वर्षे घालवलेल्या मला टिचकी मारताच कळले. तरीही किंमत उतरावी म्हणून मी वृद्ध घरमालकांना गंभीरपणे म्हणालो, "अण्णा, पाया खचलाय. इंजिनिअर आहे, म्हणून सांगतो." ते किमतीविषयी बोललेच नाहीत. भिंतीवर तळहात टेकवून म्हणाले, "अय्यो, मला स्वल्पसुद्धा कळलं नाही हो! आमची ही दोन वर्षं इथंच अंथरुणाला खिळून होती. भिंत तिच्या अंगावर आली असती तर?" एका वाक्यात मला त्यांची ती भीती घालवता आली असती; मी नुसती मान हलवली. "सरी, ठीक आहे," ते म्हणाले, "तुम्ही म्हणाल त्या किमतीला घ्या. पण आधी भिंत नीट करा, मगच घरच्यांना आणा." भेग आजही तेवढीच आहे. राहायला आलो त्याच दिवशी मी माझ्या आईचा पलंग त्या भिंतीला लावला होता.