खंडेनवमीचा शेरा

श्रीमती उर्मिला दशरथ शिगवण (१९४५–२००९). जन्म गुहागर तालुक्यातील एका खेड्यात, शिक्षण लालबागेत, नोकरी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक्सच्या निदेशक म्हणून, आणि १९८९पासून अखेरपर्यंत वास्तव्य मीरा रोड येथे. हा तपशील कर्मसाधना न्यासाने शोकसभेच्या पत्रकात छापला. तो बिनचूक आहे. मात्र बाईंनी उभा केलेला आणि त्याच न्यासाने मोडून काढलेला काशीगावचा वर्ग पत्रकात कोठेही नाही. ही चूक नजरचुकीने झाली असे मानण्याइतका मी भोळा नाही.

बाईंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली ती घरी बसण्यासाठी नव्हे. २००१ साली न्यासाच्या काशीगावातील सभागृहात त्यांनी संगणक जोडणी आणि दुरुस्तीचा विनाशुल्क वर्ग सुरू केला. जागा आणि यंत्रे न्यासाची, शिकवणे बाईंचे, कागदपत्रे सांभाळणे माझे. काशीगाव, घोडबंदर, चेणे या गावांतील दहावी-बारावी होऊन घरी बसलेली मुलेमुली तेथे येत. मुली चालत येऊ शकत, म्हणून त्यांना पाठवले जाई, हे विसरू नये. तेथून शिकून गेलेली मुले पुढे दुकानांत, बँकांत, दवाखान्यांत यंत्रे सांभाळू लागली.

वर्गाची एक रीत होती. कारखान्यात ज्याप्रमाणे खंडेनवमीला यंत्रे थांबवून धुतात-पुसतात, त्याप्रमाणे येथे त्या दिवशी प्रत्येक संगणक पूर्ण उघडला जाई. सुटे भाग साफ करून पांढऱ्या कापडावर मांडत, हळदकुंकू आणि झेंडू वाहत, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत हत्याराला कोणी हात लावत नसे.

२००४ च्या खंडेनवमीला, कोणतीही पूर्वसूचना न देता, न्यासाचे तपासणी अधिकारी श्री. चंदन देवस्थळी दारात उभे राहिले. त्यांच्या गाडीच्या बॉनेटवर झेंडूची माळ होती.

"एकही मशीन चालू नाही?" त्यांनी विचारले.

चेण्याचा लवू पुढे झाला. "आज खंडेनवमी हाय, साहेब. आज हत्याराला आराम. परवा या, सगली चालू करून दाखवतो."

"माझी गाडी पूजा होऊनसुद्धा चालतेय की!"

"तुमाला घरी जायचं हाय ना, साहेब. आमची मशीन कुठं पलून जातायत?"

मुले हसली. देवस्थळी हसले नाहीत. "बाई, एक जोडून चालू करा. नाहीतर मला जे दिसतंय ते लिहावं लागेल."

काशीगावची आनंदी, वर्गातील सर्वांत हुशार मुलगी, खाली वाकली. तिने कापडावरचा मदरबोर्ड उचलला होता. बाईंनी तिचा हात धरला.

"ठेव खाली. आणि साहेब, जे दिसतंय ते सगळं लिहा. कापड लिहा, फुलं लिहा, आजची तिथीही लिहा."

साहेबांनी लिहिले: 'सर्व यंत्रे सुट्या व बंद अवस्थेत. प्रशिक्षण चालू नाही.' दोन्ही वाक्यांत एकही शब्द खोटा नव्हता, आणि एवढी निर्लज्ज लबाडी मी माझ्या सबंध कारकुनी आयुष्यात पाहिली नाही. या शेऱ्याच्या आधारे न्यासाने वर्ग बंद करण्याचा ठराव केला. सभागृह लग्नकार्यांसाठी भाड्याने देण्याची जाहिरात ठरावाची शाई वाळण्यापूर्वीच लागली. तपासणी कशासाठी होती हे त्या जाहिरातीने सांगितले.

आमच्यापैकी पुष्कळांनी बाईंनाच दोष दिला. एक दिवस रीत मोडली असती तर काय बिघडले असते, असे मीही त्यांना विचारले.

"वर्षभर पोरांना सांगायचं, हत्याराचा मान ठेवा," त्या म्हणाल्या, "आणि साहेब आला की मान गुंडाळून ठेवायचा? मग ती पुढे प्रत्येक साहेबापुढे तेच करतील. तुम्ही अर्ज लिहा. भांडायचं माझ्याकडे लागलं."

अर्ज लिहिले. 'फेरतपासणीची तरतूद नाही,' असे छापील उत्तर आले. तेव्हा बाईंनी वर्गच न्यासाच्या मीरा रोडच्या कार्यालयासमोर नेला. सभागृहाला कुलूप लागलेले, म्हणून जुन्या विद्यार्थ्यांनी आपापल्या मालकांकडून संगणक मागून आणले, हातगाड्यांवर मांडले, आणि पदपथावर शिकवणे सुरू झाले. वीज शेजारच्या झेरॉक्सवाल्या शेठने दिली.

"बेन, वायर ले लो," तो म्हणाला, "पण माझा फ्यूज उडाला तर तुम्हीच बनवायचा हां!"

"उडाला तर तुमच्याच दुकानात परीक्षा घेईन, शेठ."

रोज गर्दी जमू लागली. जाणारे-येणारे घरचे बिघडलेले संगणक आणून देत आणि मुले ते सर्वांसमक्ष दुरुस्त करीत. बंद पडलेले प्रशिक्षण भररस्त्यात चालू दिसू लागल्यावर विश्वस्तांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. देवस्थळींनी एकदा काचेच्या दारामागून पडदा ओढून घेतला, तेव्हा बाई सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, "साहेब, आज दसरा नाही. बाहेर या, शेरा लिहा!"

अखेर विश्वस्त बोलणीस आले. वर्ग पुन्हा सुरू होईल, यंत्रे परत मिळतील, परंतु सभागृहाचा करार झालेला असल्याने जागा भाईंदर पश्चिमेच्या एका शाळेत. काशीगावात दुसरी खोली 'लवकरच' दिली जाईल असे लेखी आश्वासन. मुलांचे वर्ष वाया जाऊ नये म्हणून बाईंनी सही केली. विजयाचे पेढे वाटणाऱ्यांना त्यांनी हाकलून दिले. त्यांना पुढचे दिसत होते.

भाईंदर पश्चिमेला जायचे तर चेणे-घोडबंदरच्या मुलींना दोन बसगाड्या बदलाव्या लागत आणि परतताना अंधार होई. एकेक करून त्या गळाल्या. आनंदीच्या वडिलांनी पहिल्याच आठवड्यात नकार दिला. ती आता त्याच सभागृहात लग्नाच्या पंगतींची भांडी घासते. वर्ग वाचला असे न्यास सांगतो. ज्यांच्यासाठी तो काढला होता त्यांच्यातली निम्मी माणसे वाचली नाहीत, हे कोण सांगणार?

बाई पुढील सर्व वर्षे त्या खोलीसाठी न्यासाचे उंबरे झिजवीत राहिल्या. आजारपणातही त्यांचे बोलणे तेवढेच. त्यांच्या निधनानंतर सभागृहात त्यांची तसबीर लावण्याचा प्रस्ताव न्यासाने मांडला. लवूने शोकसभेतच उभे राहून सांगितले, "फोटो नको. खोली द्या."

प्रस्ताव मागे घेण्यात आला. भाईंदरचा वर्ग चालू आहे. तो आता लवू शिकवतो. काशीगावची खोली अद्याप मिळालेली नाही. आश्वासनाच्या कागदावर जिवंत विश्वस्तांच्या सह्या आहेत आणि आम्ही दर महिन्याला त्यांच्या दारात जाऊन उभे राहतो.