चाकाशेजारची जागा

आमच्या जुन्या बोटीत मी कित्येक वर्षं उलटी बसले. नवरा बोट वळवायच्या चाकाशी, पुढे तोंड करून, आणि मी त्यांच्या पाठीला पाठ लावून, मागे तोंड करून. बोट बनवलेलीच तशी होती. पुढे दोन माणसं कशीबशी आडवी होतील एवढी केबिन, तिच्या मागे उघडी जागा, जिला कॉकपिट म्हणतात, आणि त्या कॉकपिटमध्ये पाठीला पाठ लावलेल्या दोन खुर्च्या. ज्याने कुणी ही रचना काढली, त्याला त्याच्या बायकोने जाब कसा विचारला नाही, याचं मला नेहमी नवल वाटे.

मुळात बोट घ्यायचं आम्हाला काही कारण नव्हतं. बाजार खुला झाला तसा नवऱ्याच्या कारखान्यात परदेशी भागीदार आला आणि त्याच्यामागून स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. त्यातली स्वेच्छा कुणाची, हे विचारायचं नसतं. मुलगा तोवर संगणकाच्या नोकरीवर अमेरिकेत पोचला होता. मी सकाळी शाळेत शिकवायला जायची आणि वारज्याच्या नव्या फ्लॅटमध्ये हा माणूस दिवसभर एकटा. मग एक दिवस त्यांनी मुंबईच्या कुणाची तरी टाकून दिल्यासारखी पडलेली बोट घेतली आणि ट्रकवर चढवून आणली. खाली उभ्या असलेल्या शेजाऱ्यांनी ती नीट पाहून घेतली आणि विचारलं, "अहो, आपल्याकडे पाणी दिवसाआड येतं. कुठे चालवणार?"

पानशेतच्या बाजूला, धरणाच्या फुगवट्यावर, एका मित्राची जमीन होती. तिथे बोट ठेवली. रविवारी सकाळी डबा घेऊन आम्ही जायचो. जुन्या खुर्च्यांमधला स्पंज पाणी प्यायलेला असे. कितीही उन्हात टाका, बसलं की साडी ओली. सोमवारी शाळेत मी त्या पाठदुखीसकट उभी राहायची.

घरी हे गृहस्थ मोजकं बोलत. चहा, पेपर, आलोच, एवढ्यात दिवस निघे. बोट सुरू झाली की मात्र माझ्या मानेमागून आवाज येऊ लागे. डोकी जवळजवळ टेकलेली असायची, त्यामुळे इंजिनाच्या आवाजातही शब्द न् शब्द कळे. "सकाळी उठून कुठे जायचं नसतं ना, त्याची भीती वाटते." "तो काही परत यायचा नाही. तू वाट बघतेस म्हणून घरी बोलत नाही मी." एकदा नुसतंच म्हणाले, "तुझी पाठ ऊबदार लागते. बरं वाटतं." लग्नाला तीसेक वर्षं झाल्यावर यावर काय बोलायचं असतं? माझ्यासमोर फक्त मागे पसरत जाणारं पाणी होतं. मी म्हटलं, "जरा हळू घ्या, पाणी उडतंय."

मला शेजारी बसायचं होतं. हट्टच होता म्हणा. डोंगर निघून जाताना बघण्याचा कंटाळा आला होता, तो समोरून येताना बघायचा होता. मुलगा दूर गेलेला, माझी शाळा संपत आलेली. आता पुढे जे काही असेल ते दोघांनी एका दिशेला तोंड करून बघावं, असं मला फार वाटे. तसं मी स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "बघू." आमच्या घरात बघू म्हणजे नाही. शेवटी एका रविवारी माझी खुर्ची माझ्यासकट खाली बसली. आतलं प्लायवूड कुजून भुसा झालं होतं. त्या दिवशी कंबर चोळत मी जे काही बोलले, त्यानंतर 'बघू'ला जागा उरली नाही.

अडचण एकच होती. चाक उजवीकडे, आणि शेजारी जिथे मी बसणार तिथेच केबिनचं दार. बाक टाकला की दार बंद. त्यांनी आठवडाभर कागदावर रेघोट्या मारल्या. उत्तर मला सुचलं, तेही पेठेतल्या एका दुकानात, गिऱ्हाइकाकडे ढुंकूनही न बघता दुकानदार आत-बाहेर करत होता तेव्हा. गल्ल्यापाशी असते ना, बिजागरीवरची, उचलून आत शिरायची फळी, तसाच बाक करायचा. बसायचं तेव्हा खाली, आत जायचं तेव्हा वर. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि "जमेल" म्हणाले. नोकरीतल्या कुठल्याही बक्षिसाने मला इतका आनंद झाला नव्हता.

जुन्या खुर्च्या त्यांनी मुळापासून कापून काढल्या. नवं लाकूड, न गंजणाऱ्या बिजागऱ्या, फळीला पाणी निथळायला भोकं, कडांना वॉर्निश, हे सगळं आमच्या पार्किंगमध्ये झालं. शेजारी येता-जाता "आता विमान का?" विचारत. राहिल्या गाद्या. त्यासाठी मंडईमागच्या एका गादीवाल्याकडे नवरा गेला आणि आपल्या स्वभावाप्रमाणे तीन वाक्यं बोलून परत आला: "बोटीवर बैठक करायची आहे. दोघांची. हे माप."

गादीवाल्याने बैठक केली. पुण्यात बैठक म्हणजे जे असतं तेच: कापसाची गादी, वर शुभ्र अभ्रा, आणि टेकायला गोंडे लावलेले दोन लोड. आम्ही दोघं ती आणायला गेलो तेव्हा नवरा ते बघतच राहिला.

"हे काय?"

"आपणच म्हणालात, बैठक. मला वाटलं चांदण्यात गाणंबिणं असेल."

"अहो, साडेतीन फुटांत कोण गाणार?"

"मग छोटा ख्याल गाऊन घ्या," गादीवाला म्हणाला.

मी दुकानाच्या पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईतो हसले. इतकं केलंय तर एकदा वापरू म्हणून त्या रविवारी आम्ही ती गादी कॉकपिटच्या तळाला अंथरली, पाण्याच्या मधोमध जाऊन इंजिन बंद केलं, आणि लोडांना टेकून समोरासमोर बसून भडंग खाल्लं. ते तासभर काही बोलले नाहीत. दमले असतील, असं मला वाटलं. परतताना एक लाट आत आली आणि कापसाने ती सगळी पिऊन टाकली. गच्चीवर गादी वाळवता वाळवता आमचा आठवडा गेला.

दुसऱ्यांदा मी गेले आणि गादीवाल्याला नीट सांगितलं: पाणी न पिणारा कडक फोम, वरून रेक्झिन, पाठीला आधार, आणि कृपा करून गोंडे नकोत. बाक झाला तो देखणा झाला. पाठ दुखेना, साडी भिजेना, फळी एका बोटाने उचलली जाई. पहिल्या दिवशी डोंगर समोरून आला, पाणी दोन्हीकडे दुभंगत गेलं, आणि शेजारी ते. अगदी मनात होतं तसं. मी लहान मुलीसारखी हे बघा, ते बघा करत होते. ते हं, हं म्हणत होते.

पुढच्या रविवारीही हं. त्याच्या पुढच्याही. घरी जसे असत तसे आता बोटीतही असत. शेवटी मी विचारलं, "अहो, बोलत का नाही काही?"

"चालवताना लक्ष द्यावं लागतं."

"आधी नव्हतं द्यावं लागत?"

समोरच बघत म्हणाले, "आता तू बघतेस ना."

"मग बघू नको का?"

"तसं नाही. पण बघतेस."

मी तोंड फिरवून दुसऱ्या काठाकडे बघत बसले. काही उपयोग झाला नाही. मी मुद्दाम तिकडे बघते आहे हे त्यांना दिसतच होतं. जुन्या खुर्च्या पुन्हा बसवू या, असंही एकदा म्हणून पाहिलं. ते दुखावले. "तुझ्या मनासारखं झालंय ना? मग?" त्या बाकावर त्यांचा जीव होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला फळी उचलून दाखवायचे आणि "कल्पना हिची" म्हणायचे.

तसे आम्ही पुढे आणखी काही वर्षं शेजारी बसलो, आणि ते सुखाचंच होतं. मग एका दुपारी, चहाला उठवायला गेले तर ते उठले नाहीत. माझ्याकडे त्यांचे फोटो पुष्कळ आहेत. मुलगा सुट्टीत आला की त्याने फोनवर घेतलेले, हसणारे, बाकावर हात पसरून बसलेले. चेहरा मला कधीही बघता येतो. मला आवाज हवा असतो, मानेमागून येणारा, मला काहीतरी सांगणारा. त्यांना आणखी काय सांगायचं होतं ते मला आता कोण सांगणार? कधी कधी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी असताना मी उगाच थांबते. इतकी आठवण येते की कुकरची शिट्टीसुद्धा नकोशी होते.

बोट विकायला काढली तेव्हा हिंजवडीत काम करणारं एक तरुण जोडपं बघायला आलं. मुलगा इंजिनापाशी वाकला. मुलगी थेट चाकाशेजारी जाऊन बसली, रेक्झिनवरून हात फिरवला, फळी वर-खाली करून पाहिली.

"काकू, हे बेस्ट केलंय तुम्ही! बाकीच्या सगळ्या बोटींत उलटं बसायला लागतं. मला नाही बाई आवडत."

"कधी उलटं बसूनही बघ," मी म्हटलं.

"मागे काय दिसणार?"

"दिसत नाही काही. ऐकू येतं."

तिने नवऱ्याकडे आणि इंजिनाकडे पाहिलं. तिला वेगळीच शंका आली असावी.

"म्हणजे, आवाज फार येतो का हो काकू?"

"नाही," मी म्हटलं. "आता नाही येत."