रोगानंतरची लस

गुरांच्या दवाखान्यात मी मलमपट्टी करणारा व्रणोपचारक. म्हणजे सुई साहेबांची आणि लाथा माझ्या. तरी श्रीगोंद्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर मला ‘डॉक्टर’च म्हणतात, आणि मीही कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही.

लाळ्या-खुरकुताची लस आली की मी वस्तीवस्तीवर ओरडत फिरायचो. लस टोचायची ती धडधाकट जनावराला, रोगाच्या आधी. तोंड आलेली गाय वेगळी बांधायची, लाल औषधाच्या पाण्यानं तोंड धुवायचं, फोडांना बोरोग्लिसरीन लावायचं. भिमाजी नावाचा शेतकरी दर वेळी म्हणायचा, “पुढल्या खेपंला टोचू.” मी त्याला चारचौघांत झापायचो, “गाय मेल्यावं काय कातड्याला टोचू व्हय?”

शहाण्णवच्या उन्हाळ्यात माझ्याच गालात फोड आला, नेमका तंबाखूची गोळी धरायच्या जागी. एवढा मोठा डॉक्टर घरात असताना दुसऱ्याला कशाला दाखवायचं? उष्णता, असं निदान मी केलं. लाल औषधाच्या चुळा भरल्या, वर बोरोग्लिसरीन लावलं. फोडाला विश्रांती मिळावी म्हणून तंबाखू दुसऱ्या गालात सरकवली.

“गुराचं औषध लावताय, आता म्होरं कडबा टाकू का?” बायको, बनुबाई, म्हणाली.

पुढे तोंडच उघडेना. कुस्करलेली भाकरीही जाईना, तेव्हा तिनं मला पुण्याला नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी कॅन्सर सांगितला. गाल आणि जबड्याचा तुकडा काढावा लागेल, म्हणाल्या.

बैलाला वेसण घालताना मी कधी डोळे मिटले नाहीत, पण इथे गच्च मिटले. तेवढ्यात आठवलं, आमच्या साहेबांनी कुठंसं वाचलं होतं की परदेशात कॅन्सर झाल्यावर द्यायच्या लसीची चाचणी चालू आहे. मी हुशारीनं म्हणालो, “बाई, कापाकापी ऱ्हाऊ द्या. ती लसच टोचा.”

बाई हसल्या नाहीत. “खरंय मामा. अंगातल्या पहारेकऱ्यांना रोग ओळखायला शिकवायचं, अशी ती लस. पण अजून नुसते प्रयोग चाललेत. कधी येईल, गुण येईल का, कुणालाच ठाऊक नाही. तुमचा रोग तोवर थांबायचा नाही.”

“मी थांबतो की,” मी म्हणालो. जन्मभर रोगाआधी टोचा म्हणून बोंबललो, आणि आता रोगानंतरच्या लसीवर माझी देवापेक्षा जास्त श्रद्धा बसली होती.

बनुबाईनं मला दंडाला धरून बाहेर आणलं. ती व्हरांड्यात येऊन म्हणाली, “थांबा, खुशाल थांबा. लस आली का म्या सांगंन त्यास्नी, कातड्याला टोचा म्हनून.” बोलता बोलता तिनं पदर तोंडात कोंबला. मला ऑपरेशनची भीती होतीच. पण तिला तसं पाहून त्याहून मोठी भीती वाटली. मी निमूट भरती झालो.

आता माझा चेहरा एका बाजूनं बसलेला आहे. बोलतो ते तोंडात पिठलं धरल्यासारखं. गुरांना कळतं, माणसं पुन्हा विचारतात. भिमाजी मात्र विचारत नाही. मला बघितलं की मुकाट्यानं म्हशी टोचायला सोडून आणतो.

तपासणीला गेलो की मी डॉक्टरीणबाईंना विचारतो, “लस आली का?”

“अजून नाही, मामा.”

“मग थांबतो,” मी म्हणतो. थांबायला आता मी आहे तरी.