हातातला धोटा

गोळीबार चौकाच्या मागं विणकरांची वस्ती होती. तिथं धोंडबाजी नंदनवारांच्या ओट्यावर रोज संध्याकाळी पेपरची बैठक भरायची. दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेली माणसं उन्हं उतरली की हातपाय धुऊन यायची. शेजारच्या वस्तीतला बळीराम खणखणीत आवाजात पेपर वाचायचा आणि मग त्यावर बोलणं निघायचं.

सदुसष्टच्या निवडणुकीत या ओट्यावर दोघांनी एकमेकांच्या गचांड्या धरल्या होत्या. धोंडबाजींनी तेव्हा आत जाऊन मागावर आडवं सूत नेणारा एक जुना, टोकं झिजलेला लाकडी धोटा आणला आणि दोघांच्या मध्ये ठेवला. "ज्याच्या हाती धोटा, तोच बोलन," ते म्हणाले, "बाकीच्यायनं ऐकाचं." तेव्हापासून धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांतून फिरावा तसा सतरंजीवरून या हातातून त्या हातात फिरू लागला. बोलणाऱ्याच्या हातून तो कुणी ओढून घ्यायचा नाही. इथं नसलेल्या माणसाची आई-बहीण काढायची नाही. जो चुकेल त्यानं दुसऱ्या दिवशी ओट्यावरचा रांजण भरायचा. आणखी एक नियम कुणी न करताच झाला होता. धोटा हातात असताना खोटं बोलायचं नाही. ज्यावर पोट चालतं ते हातात धरून खोटं बोलायला माणसांची जीभच वळत नसे.

पंच्याहत्तरच्या जूनमध्ये आणीबाणी आली आणि बैठकीतली चार-पाच माणसं गळाली. कुणाच्या घरी पाहुणे येऊ लागले, कुणाचे गुडघे दुखू लागले. सीताबर्डीवर एका दुकानाच्या पायरीवर बसून बोलणाऱ्या दोघांना उचलून नेलं म्हणे. कशासाठी, ते कुणालाच नीट सांगता येईना.

दिवाळीच्या सुमाराला बैठकीत एक नवा माणूस येऊ लागला. नाव गिरिधर, कळमेश्वरकडचा, कामाच्या शोधात आलेला, एवढंच त्यानं सांगितलं. सतरंजीच्या कडेला उकिडवा बसायचा. धोटा त्याच्यापाशी आला की उचलायचा नाही. बोटाच्या टोकानं पुढच्या माणसाकडं सरकवून द्यायचा.

रुपराव बैठकीतला सगळ्यांत तरणा आणि सगळ्यांत तोंडाळ. तो एकदा म्हणालाच, "काहून गा गिरिधर, आमच्या धोट्याले काटे आहेत का?"

सगळे हसले. गिरिधरही हसल्यासारखा झाला. धोंडबाजींना मात्र हसू आलं नाही. त्यांनी पाहिलं होतं, की धोटा सरकवल्यावर तो माणूस ते बोट धोतराला पुसायचा.

त्या रात्री जेवताना त्यांची बायको अंजनाबाई म्हणाल्या, "मी चरख्यावर सुताच्या कांड्या भरता भरता खिडकीतून पायतो. तो मानूस बोलनाऱ्याच्या तोंडाकडे पायत नाही. खाली मान घालून ऐकते. पाठ करून राहिल्यावानी."

"मंग काय करू वं? उठवून देऊ? ओटा सगळ्यायचा आहे."

"ओटा सगळ्यायचा, पन घर माह्यं आहे ना!"

धोंडबाजी हात धुऊन उठले, पण विचार सुटेना. गिरिधरला उठवावं, तर संशय घेतला असं होईल आणि खरंच तो पोलिसांचा माणूस असेल तर तेवढंच पुरेल. बैठक मोडावी, तर मोडली काहून, हेही विचारलं जाईल. आणि रुपरावचं तोंड बंद करावं, तर ज्या नियमानं ओटा इतकी वर्षं टिकला तो नियमच जाईल. दुसऱ्या दिवशी मागावर त्यांचे दोन धागे तुटले. असं त्यांचं कधी होत नसे.

संध्याकाळी नेमका रुपरावच्या हाती धोटा आला. बळीरामनं वाचलेल्या पेपरात एक चौकट कोरी होती. रुपरावनं ती सगळ्यांना दाखवली. "हे पाहा, बातमी गिळून टाकली. मानसं पन अशीच गिळून राहिले. माह्या मामेभावाले नेलं. गुन्हा कोनता? कागद वाटले! तेच कागद माह्यापाशी पन आहेत. उद्या चौकात उभा रायतो आन्..."

धोंडबाजींचा हात पुढं गेला. त्यांनी धोटा रुपरावच्या मुठीतून ओढून घेतला.

 बळीरामनं पेपराची घडी घातली. रुपराव आधी गोंधळला, मग त्याचे कान लाल झाले. "तुमी पन सरकार झाले का धोंडबाजी?" तो उठला. "उद्याचा रांजन तुमच्याकडे."

त्याच्या मागोमाग एकेक जण चपला शोधू लागला. ओट्यावर धोंडबाजी उरले, आणि कडेला गिरिधर. अजून पुरता अंधार पडला नव्हता. आतल्या चरख्याची घरघर थांबली होती. म्हणजे अंजनाबाई कान देऊन होत्या.  धोंडबाजींनी धोटा सतरंजीवर ठेवला.

गिरिधर पुढं सरकला आणि पहिल्यांदाच त्यानं तो उचलला. दोन्ही हातांत धरला. त्याचा अंगठा आपोआप धोट्याच्या टोकावरून फिरला, लाकडाची कूस बोचते का ते पाहत. धोंडबाजींनी ओळखलं, हा मागावर बसलेला माणूस आहे.

"माह्या भावाले आत टाकलं आहे," गिरिधर खालच्या आवाजात म्हणाला. "साहेब म्हनते, तू त्या ओट्यावर बस, ऐक, सांग, त्याले सोडतो. उद्या दुपारी मले सांगा लागते. आज नाही सांगत." त्यानं रस्त्याकडं पाहिलं. "रुपरावले त्याच्या घरी राहू नका देऊ."

धोटा होता तिथं ठेवून तो निघून गेला.

धोंडबाजी तडक रुपरावच्या घरी गेले. तो अजून फुणफुणत होता. "मी काहून पळू? मी चोरी केली का?"

मागून आलेल्या अंजनाबाईंनी त्याच्या कपड्यांचं गाठोडं बांधायलाच घेतलं. "उमरेडले माह्या भावाच्या मागावर बस. भाषन तिथंच दे, तिथं पन मानसंच रायतात. आन् ते कागद कुठं आहेत? चुलीत घाल माह्यासमोर."

रुपराव काही तरी बोलणार होता. पण धोंडबाजींच्या चेहऱ्याकडं त्यानं पाहिलं आणि मुकाट्यानं कागद काढून दिले. पहाटेच्या गाडीनं तो गेला.

सकाळी धोंडबाजींनी रांजण भरला. दिवसभर रस्त्यावर सायकलची घंटी वाजली तरी ते मागावरून मान वर करून पाहायचे. संध्याकाळी सतरंजी टाकावी की नाही, कळेना. शेवटी रोजच्यासारखीच टाकली. तिघं-चौघंच आले. गिरिधरही आला, आपल्या जागी बसला. बळीरामनं बाजारभाव वाचले. धोटा धोंडबाजींच्या हाती होता आणि ते सुताच्या भावाबद्दल काहीबाही बोलत होते, तोच ओट्यासमोर जीप थांबली. हवालदार उतरला. मागं दोन शिपाई होते.

"रुपराव कोन? घरी कुलूप आहे. कुठं गेला?"

 हवालदाराची नजर फिरत फिरत धोंडबाजींवर थांबली. "बुढाबा, तुमालेच विचारून राहिलो. माहीत आहे का नाही?"

सगळ्यांचे डोळे धोंडबाजींच्या हाताकडं लागले. गिरिधरचेसुद्धा. धोंडबाजींच्या तळहाताला घाम सुटला होता. लाकूड ओलं झालं होतं. ते वाकले. धोटा त्यांनी अलगद सतरंजीवर ठेवला, हात धोतराला पुसला आणि मग वर पाहिलं.

"नाही साहेब," ते म्हणाले. "मले माहीत नाही."