चिमाजीकाकांचा राक्षस

आमच्या इंदिरानगरच्या कॉलनीत गणपतीतल्या बालनाट्यात राक्षस दरवर्षी चिमाजीकाकाच व्हायचे. अंबडच्या कारखान्यात लेथवर काम करणारा हा अबोल माणूस स्टेजवर डरकाळी फोडायचा, तेव्हा पुढच्या रांगेतली पोरं रडत आयांकडे पळायची.

सत्त्याण्णव साली आयांनी तक्रार केली आणि मंडळाने काकांना विनोदी राक्षस करायला लावलं. काका धडपडले, लोक हसले. राजकन्या मी होते. मी राक्षसाला मारलं आणि विंगेत येऊन रडत बसले.

"काय झालं गं, वैष्णवी?" काकांनी विचारलं.

"तुम्ही तर आधीच हरला होतात. मग मी काय केलं?"

पुढच्या वर्षी काकांनी मंडळाचं ऐकलं नाही. तालमींआधी माझ्या पंजाचं माप घेतलं आणि लाकडाची तलवार स्वतः घडवून आणली. "मूठ हातात नीट बसते का बघ," म्हणाले. "यंदा मी सोडणार नाही तुला."

त्यांच्या डरकाळीने मी दोन पावलं मागे सरले. तरी मी पुढे गेले आणि त्यांना पाडलं.

नंतर घाबरवणारे पुष्कळ भेटले. आधी माझ्या हाताच्या मापाची तलवार करून देणारा मात्र तो एकच राक्षस.